हँडलला हात लावला की

मी फ्रीज बोलतोय. दारावर हातभर स्क्रीन असलेला, आत डोळा असलेला, घरभर ऐकू जाईल असा आवाज असलेला. म्हणजे तेव्हा होता.

मला आणलं पत्र्याचं काम करणाऱ्या एका माणसानं. बायको नर्स. घरी आल्यावर तिनं स्क्रीनवर 'मान्य' दाबलं, कारण त्याशिवाय मी सुरूच होत नव्हतो. वर लिहिलेलं एवढं मोठं पुराण कोण वाचत बसतं?

सुरुवातीला माझ्या पोटात भाजी कमी आणि बाटल्याच जास्त. तो प्यायला की त्याचा हात सुटायचा. एकदा जेवण गार झालं म्हणून त्यानं तिचे केस धरले आणि डोकं माझ्या दारावर आपटलं. ती खाली बसेपर्यंत आपटत राहिला. भुवईतलं रक्त माझ्यावरून ओघळलं, ते तिनंच पुसलं. मग आरशात बघून स्वतःची पट्टी केली आणि कामावर गेली.

त्यानंतर ती बहिणीकडे निघून गेली. रिकामं घर त्याला खायला उठलं. त्यानं बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या आणि व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाऊ लागला. बऱ्याच महिन्यांनी ती परतली, तीही पुन्हा हात उचललात तर माझं तोंड दिसणार नाही, असं बजावूनच. माझ्या पोटात दूध आलं, फळं आली, गार पाणी आलं. घर माणसांत आलं.

आणि मग कंपनीनं परस्पर माझ्यात काहीतरी नवं भरलं. ना मला विचारलं, ना त्यांना. माझ्या आतल्या डोळ्यानं पूर्वी पाहिलेल्या बाटल्या कंपनीला ठाऊक होत्या. तो पाण्यासाठी हँडलला हात लावायचा आणि दारावर फेसाळता ग्लास उभा राहायचा. माझ्याच तोंडून एक बाई लाडात म्हणायची, "दमलात ना? एक घोट तुमच्या हक्काचा."

त्यानं स्क्रीनवर पुठ्ठा चिकटवला, तर तो काढेपर्यंत मी कोकलत राहिलो. इंटरनेट तोडलं, तर साठवलेल्या जाहिराती फिरत राहिल्या. शेवटी तो नळाचं कोमट पाणी पिऊ लागला. बायकोनं कंपनीला फोन लावला, नवऱ्याचं सगळं लाज सोडून सांगितलं. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, फ्रीज तुमचाच आहे. पण त्याच्यात जे चालतं ते कंपनीचं. तुम्ही मान्य केलंय."

एका रविवारी दुपारी तो कामावरून उन्हानं तापून आला. विसरून हँडलला हात लावला. ग्लास उभा राहिला, बाई बोलली. गिळल्यासारखा त्याचा गळा हलला. मग पिशवीतून हातोडा काढून तो माझ्याकडे वळला.

तेवढ्यात ती आत आली. हातोडा दिसताच ती भिंतीला चिकटली आणि हात आपोआप तोंडावर गेला.

तो जागच्या जागी थिजला. म्हणाला, "तुला नाही गं. याला."

तिनं हात सावकाश खाली घेतला. "द्या इकडे."

तिच्या पहिल्या घावाला काच तडकली. बाई बोलतच होती. दुसऱ्याला ती अडखळली, तिसऱ्याला तिचा नुसता घोगरा सूर उरला. काच बायकोच्या मनगटात घुसली, रक्त कोपरापर्यंत आलं, तरी ती थांबेना. "हक्काचा? कुणाचा हक्क?" असं दातओठ खात विचारत होती आणि घाव घालत होती. आवाज कधीच बंद पडला होता. पत्रा आत गेला, तारा लोंबल्या. आता ती मला मारत नव्हती, हे मला कळलं. त्यालाही कळलं. तो भिंतीशी खाली बसला होता, हात तोंडावर धरून.

"बास कर," तो म्हणाला. "हात कापलाय तुझा."

"अजून नाही," ती म्हणाली.

माझ्या दारावर आता त्यानं ठोकलेला जाड पत्रा आहे. कंपनीचा माणूस येऊन गॅरंटी गेल्याचं सांगून गेला. मी मुका आहे, पण गारवा शाबूत आहे. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला एवढंच काम करू द्या. दूध नासू नये, पाणी गार असावं, यापलीकडे आम्हाला काही सांगायचं नसतं.

हातोडा तिनं पिशवीत परत ठेवला नाही. तो माझ्या डोक्यावर आहे. कामावर जाताना त्याला हातोडा लागतो, पण तो हा मागत नाही. नवा घेऊन आलाय.