गंजाचे दिवस सुखाचे होते

मी एक जुनी, मका दळायची हातगिरणी आहे. वर नरसाळ्यासारखे पसरट तोंड, पुढे दोन तबकड्या, मागे लांब दांडा आणि खाली मला टेबलाच्या कडेला आवळून धरणारा एक स्क्रू, एवढाच माझा संसार. अंगावरचा मुलामा केव्हाच उडाला. दांड्याची लाकडी मूठ गेली, तिथे आता चिंधी गुंडाळलेली आहे. रूपाचे कौतुक ऐकायचे माझे वयही राहिलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा एकच रडगाणे गातात. आधी आमचा केवढा मान होता, मग आम्हाला अडगळीत टाकले! माझे सगळे उलटे झाले. मी अडगळीत होते तेच दिवस चांगले होते, आणि माझा मान वाढला तेव्हा घराचे ग्रह फिरले.

मला कीबोर गावच्या बाजारातून आणले ते एउदोसियाच्या वडिलांनी, तिच्या लग्नात आहेर म्हणून. कोणी साखळी देते, कोणी चादरी देते, तिच्या बापाने मुलीला लोखंड दिले. वऱ्हाडी हसले. एउदोसिया हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने मला टेबलाला आवळले, रात्री उकडून ठेवलेला पांढरा मका माझ्या तोंडात ओतला आणि दांडा फिरवला. पीठ कसले, तो ओला, मऊ गोळाच पडतो. तो मळून, थापून लोखंडी तव्यावर टाकला की झाला आरेपा. आमच्याकडे आरेप्याशिवाय दिवस उजाडत नाही. आजारी माणसाला आरेपा, पाहुण्याला आरेपा, भांडून उपाशी निजलेल्या नवऱ्यालाही सकाळी आरेपाच.

दळणातली पहिली मूठ कोंबड्यांची. माझ्या अंगाचा लोखंडी वास त्या मुठीत उतरतो म्हणून ती परसात फेकायची. कोंबड्या माझा पहिला खडखडाट ऐकूनच धावत यायच्या. गल्लीत दहा घरी दहा गिरण्या होत्या. पहाटे सगळ्या एकदम सुरू झाल्या की कोंबड्याला आरवायचे कामच उरायचे नाही.

मग जमिनीखालच्या तेलाला भाव आला आणि देशाला पंख फुटले. गल्लीत गाड्या आल्या. शेजारचा न्हावी विमानाने परदेशी गेला आणि तीन रेडिओ घेऊन आला. दुकानात शिरून "स्वस्त आहे, दोन द्या!" म्हणायची लोकांना सवयच लागली. त्याच सुमारास पिठाचे पाकीट आले. पाणी घाला, मीठ घाला, मळा, झाले! एउदोसियाने पहिल्या दिवशी नाक मुरडले, दुसऱ्या दिवशी चव घेतली आणि तिसऱ्या दिवशी मला टेबलावरून सोडवले.

मी आधी फळीवर गेले, मग फळीखाली, मग परसदाराला टेकू म्हणून. वारा सुटला की दार आपटू नये एवढेच माझे काम. एउदोसियाची मुलगी नोहेलिया शाळेतून येता-जाता मला अडखळायची आणि म्हणायची, "आई, हे भंगारवाल्याला देऊन टाक ना एकदाचं!"

"तुझ्या आजोबांनी दिलंय ते. गप बस," असे एउदोसिया म्हणायची खरी, पण मला पुसायची नाही. मी फार रुसले होते, मित्रांनो. मला गंज चढत होता आणि घरात कोणाला त्याची खंत नव्हती. आता कळते, खंत नव्हती कारण पोटे भरलेली होती. परसदारातून मला सगळे दिसायचे. रविवारी सांडलेले पीठ कोणी वेचत नसे. उरलेला आरेपा कुत्र्याला जाई. डिसेंबरात केळीच्या पानांचे ढीग लागत, बायका टेबलाभोवती बसून त्या पानांत मक्याचे पीठ आणि सारण गुंडाळून नाताळचे हय्याका बांधत आणि पुरुष दोऱ्याच्या गाठी चुकवून शिव्या खात. त्या गलक्यात मला कोणी विचारले नाही. तो गलका ऐकायला मिळणार असेल, तर मी आणखी शंभर वर्षे गंजायला तयार आहे.

एउदोसिया त्याच काळात गेली. भाग्यवान बाई! पुढचे तिने काही पाहिले नाही.

नोहेलिया मोठी होऊन शाळेत शिक्षिका झाली. तिला एलिएसेर नावाचा मुलगा झाला, तेव्हा समोरच्या घरातली मार्लेनिस त्याची माद्रीना झाली. बाप्तिस्म्याला बाळाला ज्या बाईने हातावर धरायचे, ती त्याची जन्मभराची दुसरी आई. मुलाने तिला पाहिले की आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचे बोलायचे. आणि त्या दोघी बाया एकमेकींच्या कोमाद्रे होतात. हे नाते बहिणीपेक्षा काकणभर सरसच, कारण बहीण नशिबाने मिळते, कोमाद्रे आपण निवडतो. नोहेलिया आणि मार्लेनिस यांच्या घरांत मीठही एकच होते म्हणा ना. संपले की समोरून आणायचे.

मग देशात साहेब आले. लष्करातले होते, बोलायला गोड होते, गरिबांचे नाव घेत होते. दोघी कोमाद्रे हातात हात घालून त्यांना मत द्यायला गेल्या आणि परत येऊन परसात नाचल्या. मी दाराशी होते, मी पाहिले. पहिली काही वर्षे बरी गेली. पण हळूहळू न्यायाधीश साहेबांचे झाले, टीव्ही साहेबांचा झाला, मते मोजणारेही साहेबांचेच झाले. दुकानातले भाव साहेबांनी ठरवले, तशी दुकाने ओस पडली. शेते सरकारने घेतली आणि त्यांत रान माजले. हे चुकतेय असे जो म्हणाला, त्याच्या दारापुढे दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गुंडांच्या मोटारसायकली उभ्या राहिल्या. साहेब गेले, त्यांच्या खुर्चीत त्यांचा माणूस बसला आणि उरलेसुरलेही धुऊन निघाले.

एके दिवशी दुकानातले पिठाचे पाकीट नाहीसे झाले. पहाटेपासून रांगेत उभी राहून नोहेलिया रिकाम्या पिशवीने घरी आली. ती परसदारी आली आणि तिने मला उचलले. लिंबू आणि वाळूने तिने मला घासघासून घासले. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. मी टेबलावर चढले, मका तोंडात पडला, दांडा फिरला. आणि मग मला तिचा हात जाणवला. एवढा हलका हात माझ्या दांड्यावर कधी पडला नव्हता. मूठभर दळले की ती थांबायची, धापा टाकायची. माझा सगळा आनंद जागच्या जागी विरला.

पहिली मूठ फेकायची बंद झाली. लवकरच कोंबड्याही संपल्या. मक्यात कच्ची केळी आली, मग गुरांचा पिवळा मका आला, मग कंदांच्या सालीही आल्या. मी सगळे दळले. गल्लीतल्या बाकीच्या गिरण्या चांगल्या दिवसांत भंगारात गेल्या होत्या. वीज नसायची, तेव्हा मिक्सर नुसते शोभेचे. म्हणून सगळी गल्ली आपापला मका घेऊन नोहेलियाच्या परसात येऊ लागली. लोक मला "दोन्या" म्हणू लागले, म्हणजे बाईसाहेब! असला मान शत्रूलाही मिळू नये.

सरकारने आता धान्याची पेटी वाटायला सुरुवात केली होती. सरकारी कार्ड दाखवा, सभेला या, टाळ्या वाजवा, पेटी न्या. आमच्या गल्लीत पेट्या वाटणाऱ्या समितीची प्रमुख झाली मार्लेनिस. सुरुवातीला नोहेलियाला बरे वाटले. आपली कोमाद्रेच आहे, मग काळजी कसली! पण शाळेत मुले भुकेने चक्कर येऊन पडत होती, आणि तशात शिक्षकांना सभेला जाऊन घोषणा द्यायचा हुकूम आला. नोहेलिया गेली नाही. त्या महिन्यात तिच्या दारात पेटी आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

ती तरातरा समोर गेली. गल्ली अरुंद आहे, मला परसातून ऐकू आले.

"कोमाद्रे, माझी पेटी?"

"तू सभेला नव्हतीस."

"तू माझ्या मुलाची माद्रीना आहेस, मार्लेनिस."

"सगळ्यांच्या देखत मला असं बोलू नकोस," मार्लेनिस हळू आवाजात म्हणाली. "माझ्यावरही नजर आहे."

नोहेलिया परत आली. तिने ना आदळआपट केली, ना रडली. फक्त एवढेच म्हणाली, "आता ती माझ्या दारात पाऊल टाकणार नाही." त्या दिवसापासून दोन्ही घरांचे मीठ वेगळे झाले.

वर्षभरात एलिएसेरने देश सोडायचे ठरवले. त्याचे अर्धे मित्र आधीच गेले होते. निघायच्या सकाळी नोहेलियाने उरलासुरला पांढरा मका दळला. मी जीव ओतून दळला, एक गाठ राहू दिली नाही. त्याने आरेपे पिशवीत घातले, आईपुढे मान वाकवली. "आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा."

मग तो म्हणाला, "माद्रीनाचा घेऊन येतो."

"काही गरज नाही."

"आई, आशीर्वाद न घेता सीमा ओलांडू?"

तो समोर गेला. त्याने दार वाजवले. "आशीर्वाद, माद्रीना!" पुन्हा वाजवले. "माद्रीना, मी एलिएसेर, निघालोय!" पडदा हलला, दार उघडले नाही. देश सोडून जाणाऱ्यांना टीव्हीवर गद्दार म्हणत होते, आणि समितीच्या प्रमुखाने गद्दाराला दारात निरोप द्यायचा म्हणजे पंचाईतच. पोरगा पिशवी खांद्याला लावून चालता झाला. पेटी गेली तेव्हा नोहेलिया कोरडी राहिली होती. आज ती माझ्या शेजारी टेबलावर डोके टेकून ढसाढसा रडली. मित्रांनो, लोखंडाला हात नसतात याचे दुःख मला त्या दिवशी झाले.

पुढे पेट्यांमध्ये किडे निघू लागले, मग पेट्याच थांबल्या. समितीच्या लोकांनाही मिळेनात. एका शनिवारी परसात दळणाची रांग लागली होती, हसणे-खिदळणे चालले होते. अचानक सगळ्यांच्या माना वळल्या. दारात मार्लेनिस उभी होती. हातात फडक्याने झाकलेले पातेले होते. गालफडे बसली होती, समितीचा लाल सदरा अंगावर लोंबत होता.

गल्लीतल्या तोंडाळ योलेइदाने संधी साधली. "अगंबाई! प्रमुखबाई! रांग इथे नाही हो, तिकडे. आधी कार्ड दाखवा!"

बायका फिस्सकन हसल्या. दुसरी म्हणाली, "आणि सभेला आला होतात का? टाळ्या वाजवल्यात? त्याशिवाय दळण नाही बरं आमच्याकडे!"

नोहेलियाही हसली. मला ते आवडले नाही, पण हसली. वर्षभराचे दुःख होते ते.

आणि मार्लेनिसने पातेले खाली ठेवले, सदऱ्यात हात घातला आणि कार्ड बाहेर काढले. थट्टा आहे हे तिच्या लक्षातच आले नाही. कडेने झिजलेले, घामाने ओलसर झालेले ते कार्ड तिने दोन्ही हातांनी नोहेलियापुढे धरले आणि ती वाट बघत उभी राहिली.

परसात कोणी हसेना. योलेइदाने मान खाली घातली. ज्या बाईच्या हातावर आपले बाळ ठेवले होते, ती बाई मूठभर दळणासाठी आपल्याला कार्ड दाखवते आहे, हे नोहेलियाला बघवेना.

"आत ठेव ते," ती म्हणाली. "अगं ठेव म्हणते ना! मका आण इकडे."

"मी रांगेत थांबते, बाई."

"बाई कोणाला म्हणतेस?"

दळायला दोघी असल्या की सोपे जाते, एक मका घालायला, एक दांडा फिरवायला. मार्लेनिसने दांडा धरला. तिचाही हात तेवढाच हलका झाला होता. मग ती माझ्याकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी मी दाराच्या आतच होते. कडीवर हात होता माझा. दिला होता गं आशीर्वाद. मनात दिला."

"मनातला सीमेपर्यंत पोचत नाही, कोमाद्रे." नोहेलियाने आणखी एक मूठ मका माझ्या तोंडात टाकला. "उद्या त्याचा फोन येतो, दुपारचा. ये, आणि मोठ्याने दे. गल्लीला ऐकू गेलं पाहिजे."

मार्लेनिसचा दांडा थांबला. "ऐकलं कोणी तर?"

"ऐकू दे की."

ती दुसऱ्या दिवशी आली. फोन नीट लागत नव्हता, आवाज तुटत होता, म्हणून तिला ओरडावे लागले. "देव तुझं भलं करो रे, माझ्या लेका!" ती ओरडली, आणि गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक उघडल्या.

मित्रांनो, मी काही त्यांचा देश सावरला नाही. एलिएसेर अजून परमुलखातच आहे, पिठाचे पाकीट पुन्हा दिसू लागले तरी महागच आहे आणि माझ्या तबकड्या झिजत चालल्या आहेत. मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. उलट असे दिवस आणा की माझी कोणाला आठवणच होणार नाही. कोणी साहेब गोड बोलून तुमचे सगळे स्वतःच्या हाती घेऊ लागला, तर पोटे भरलेली असतानाच "थांबा" म्हणा. रिकाम्या पोटी तो शब्द तोंडातून फुटत नाही. आणि तरीही वाईट दिवस आलेच, आणि शेजारीण पातेले घेऊन तुमच्या दारात उभी राहिली, तर तिच्यावर कार्ड काढायची वेळ येऊ देऊ नका.