ओर्पाची कोंबडी

माझी बायको ओर्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी दलदलीत साबूच्या झाडाचा गाभा कुटत होतो. पोटात दुखतं म्हणून ती बहिणीबरोबर बोटीने शहरातल्या दवाखान्यात गेली होती. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत अर्धं झाड तरी कुटून ठेवा. धुऊन पीठ काढायला मी आहे." तिचा भाऊ मार्थेन गुडघाभर चिखलातून आला आणि म्हणाला, "दाजी, ताई गेली." मी आणखी दोन घाव घातले. मग हत्यार तिथेच टाकून त्याच्यामागे निघालो.

आठव्या दिवशी मार्थेन म्हणाला, "दाजी, रविवारी ताईच्या प्रार्थनेला माणसं येणार. त्यांना काय वाढायचं, चिखल? झाड आंबायच्या आत उरकून टाका."

मी गेलो. वीस पावलं अलीकडेच थांबलो. उघड्या गाभ्यावर एक पक्षी उभा होता. कोंबडीएवढा, राखेच्या रंगाचा, चोच आणि पाय लाल. टोचून टोचून गाभा खात होता.

याला आम्ही ढोलक्या म्हणतो. त्याचा ढोलासारखा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, पण त्याला पाहिलेलं कुणी नाही. उडता येत नाही म्हणतात, तरी दलदलीतल्या काट्यांत कुणाच्या हाती लागत नाही. ओर्पा म्हणायची, मी तीनदा पाहिला, राखेच्या रंगाचा, लाल चोचीचा. कुणाची तरी कोंबडी असेल, म्हणून गाव हसायचं. "ओर्पाची कोंबडी सुटली रे," हे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. मग सगळेच म्हणायला लागले. ती मला म्हणायची, "एक दिवस कुटणं थांबवा आणि माझ्याजवळ गप्प बसा. मग येतो तो." मी कधी बसलो नाही.

मी बराच वेळ उभा होतो. आनंद झाला नाही. रडूही आलं नाही. डास चावत होते, तेवढं कळत होतं. पोट भरल्यावर तो खाली उतरला आणि चालत काट्यांत शिरला. मी हत्यार उचललं नाही.

घरी मार्थेन दारातच होता. "काय दाजी, हात हलवत आलात? ताईची कोंबडी बघत बसला होतात की काय?" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मला हो म्हणायचं होतं. "उद्या जातो," म्हणालो.

रविवारी माणसं आली. मार्थेनने शेजारून साबू मागून आणला होता. ओर्पाबद्दल सगळे चांगलं बोलले. कोंबडीची गोष्टही निघाली, थोडे हसलेही. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

झाड अजून अर्धंच आहे. ओर्पा खरं बोलत होती, हेही मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.