मेकपीसांची डॉर्कस

घंटेच्या दोराला गुंडाळलेली लोकर तळव्याला टोचते आहे – मधोमध झिजून टक्कल पडलेलं, कडेला लालनिळे धागे – आणि डॉर्कसला वाटतं, हा दोर सोडावा, चर्चचा मनोरा उतरावा, चालू लागावं... पण प्रार्थनेला अजून अर्धा तास आहे, आणि सहापैकी पाचच वाजवणारे आलेत. सहावी घंटा धाकट्या भावाची, ॲड्रियनची. चार वर्षं मुकी.

बाबांनी आल्या आल्या तेच सुरू केलं. दुपारी जा त्याच्याकडे, समजूत घाल.

"तुला जमतं गं. मेकपीस आहोत आपण."

मेकपीस म्हणजे तंटा मिटवणारा, डॉर्कस मनात म्हणते. सातशे वर्षांपूर्वी गावात कुणी एक होता, करवसुलीच्या कारकुनाने लोक म्हणत तेच त्याचं नाव म्हणून लिहिलं, आणि ते आमच्या सगळ्यांच्या मानेवर बसलं. शाळेतले निवृत्त मास्तर म्हणतात, अशी नावं कधी कौतुकाने पडत, कधी खिजवायला. मला भलतंच वाटतं. त्या माणसाने काही मिटवलं नसेल, पाहिलेलं फक्त पोटात ठेवलं असेल, आणि गावाला तीच शांतता वाटली असेल.

कारण मीही तेच केलं.

चार वर्षांपूर्वीचा तो तीन तासांचा सलग घंटानाद महिनोन्महिने आधी ठरलेला. मध्ये एक हात थांबला की सगळं फुकट, म्हणून फोनसुद्धा बंद. आई घरी अंथरुणाला खिळलेली. जा म्हणाली, खिडकी उघडी ठेवा, मी ऐकते. ॲड्रियन तिच्यापाशी बसला, त्याच्या घंटेवर शेजारच्या गावचा माणूस उभा राहिला. वीस मिनिटं उरली असताना ॲड्रियन जिना चढून दारात आला – धापा टाकत, काही न बोलता. दार माझ्यासमोर होतं, बाबांची पाठ दाराकडे. आईची वेळ आली, हे मला कळलं. आणि मी मान हलवली – नाही.

का, ते आजही सांगता येत नाही.

तो समजला, हा बाबांचा निरोप. तो घरी पोचेपर्यंत आई गेली होती. तेव्हापासून तो म्हणतो, मी बोलवायला आलो होतो. बाबा म्हणतात, कुणी आलंच नाही. दोघं एकमेकांना खोटं ठरवतात आणि डॉर्कस दोन्ही घरी केक पोचवते, हा बरा आहे म्हणते, तो आठवण काढतो म्हणते... एक वाक्य बोलली असती तर मिटलं असतं. फक्त मग दोघांनी तिच्याकडे कसं पाहिलं असतं...

घंटा थांबल्या. बाकीचे तिघे उतरले. बाबा दोर गुंडाळत होते, आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं, अगदी साध्या आवाजात.

"बाबा, त्या दिवशी ॲड्रियन आला होता. मीच त्याला परत पाठवलं."

बाबांचे हात चालूच राहिले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू मान हलवताना दिसलीस मला. वीसच मिनिटं राहिली होती गं."

म्हणजे यांना कळलं होतं. कळूनही यांनी दोर ओढला, आणि चार वर्षं मुलाला खोटारडा म्हणत मलाच त्याच्याकडे धाडलं.

डॉर्कस काहीतरी समजुतीचं शोधू लागली. नेहमी मिळे, जिभेवर तयारच असे. आज तिथे काही नव्हतं. फक्त राग होता, धगधगता, बावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा तिचा स्वतःचा, आणि त्याला शांत करायची तिला मुळीच इच्छा नव्हती.