चार न उघडलेल्या कुप्या

मंगळवार. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं. घाटकोपरमधलं एक रुग्णालय, दुसरा मजला, लहान मुलांचा अतिदक्षता विभाग, पाच नंबरचा पलंग. या वेळी श्रुतिका नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या घशातली श्वासाची नळी काढली गेली.

मी तेव्हा तिच्या पलंगालाच लटकत होते. मी डेक्सामेथासोनची कुपी बोलतेय. वॉर्डात मला नुसतं 'डेक्सा' म्हणतात. मी स्टेरॉइड आहे. बोटाच्या पेराएवढी काच, वर रबरी बूच, आत पाण्यासारखं दिसणारं दोन मिली औषध. कारखान्यातून माझ्यासारख्या लाखो निघतात. माझा रुबाब नाही, त्यामुळे माझी चौकशीही कुणी करत नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. नळी बरेच दिवस राहिली की घसा आतून सुजतो. लहान मुलांची श्वासाची वाट मुळातच बारीक. नळी निघाली की सूज ती वाट आवळते. तसं होऊ नये म्हणून मला आधीपासून द्यायचं. 'आधीपासून' हा शब्द महत्त्वाचा आहे. मला काही तास लागतात. ऐनवेळी धावून येणारी मी नव्हे.

न्यूमोनिया झालेली श्रुतिका नऊ दिवस श्वासाच्या मशीनवर होती. सोमवारी डॉक्टर देवव्रतने कागदावर लिहिलं: नळी उद्या दुपारी दोनला काढायची, त्याआधी डेक्साचे चार डोस, संध्याकाळी सहापासून दर सहा तासांनी. वॉर्डातला साठा संपला होता. 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी तिच्या वडिलांच्या, राजेशच्या हातात पडली. राजेश लिफ्ट दुरुस्त करतो; तो समोरच्या मेडिकलवर पळाला. दुकानदाराने आम्हा चौघींना खाकी पाकिटात घातलं, तोंड दुमडलं आणि पिन मारली. साडेपाचला राजेशने पाकीट वॉर्डात दिलं. कुणीतरी ते श्रुतिकाच्या पलंगाला लटकवलेल्या सामानाच्या पिशवीत टाकलं. टॉवेल, चमचा, लंगोट आणि आम्ही.

सहा वाजले. बारा वाजले. पुन्हा सहा वाजले. पाकिटाला कुणाचा हात लागला नाही.

मंगळवारी सव्वाआठला व्यवस्थापक विद्याधर घाईघाईने आले.

"डॉक्टर, वरच्या नव्या वॉर्डाचं अकराला उद्घाटन आहे. साहेब येतायत. तिकडे मशीन दिसलं पाहिजे. हे वर नेतोय."

"अहो, मशीनवर पोरगी आहे!"

"दुपारी काढणारच होतात ना? मग जरा आधी काढा. मी काय तिला घरी पाठवा म्हणतोय?"

देवव्रतने ड्यूटीवर नुकत्याच आलेल्या सिस्टर सुगंधाला विचारलं, "डेक्सा गेलं ना?"

सुगंधाने कागद पाहिला. तीन वेळा, तीन खुणा, तीन सह्या. "हो सर. तीन डोस गेलेत."

आम्ही चौघी त्या दोघांपासून हातभर अंतरावर होतो. कुणी पिशवीत डोकावलं असतं तर पुरलं असतं. पण माणसं डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतात, हे मी त्या दिवशी शिकले.

नळी निघाली. मशीन वर गेलं. पहिली काही मिनिटं बरी गेली. मग श्वास आत घेताना श्रुतिकाच्या घशातून आवाज येऊ लागला, आरवताना कोंबड्याचा गळा दाबावा तसा. तिची आजी रत्नप्रभा दारात उभी होती.

"सिस्टर, ह्यो आवाज कसलो गो? माझा चेडू असा कित्या करता?"

"आजी, जरा बाहेर थांबा ना."

"भायर काय थांबू? बरगड्यो बघ तिच्यो, आत जातत!"

आजीला दिसलं ते खरं होतं. देवव्रतने वाफेतून औषध दिलं, तातडीसाठी वेगळ्या राखलेल्या ट्रेमधली एकुलती डेक्सा शिरेतून दिली. ती माझीच बहीण. तिला तास हवे होते आणि मुलीपाशी मिनिटं होती. मशीन परत आलं तेव्हा त्याला झेंडूचा हार घातलेला होता. सुगंधाने तो ओढून जमिनीवर फेकला. सुजलेल्या घशात नळी तिसऱ्या प्रयत्नात गेली. आत जखम झाली.

वर अकराला फीत कापली गेली. पेढे दुसऱ्या मजल्यावरही वाटले.

श्रुतिका जगली. मात्र तिची वाट आतून आवळली गेली, म्हणून गळ्याला बाहेरून भोक पाडावं लागलं. आता ती तिथून श्वास घेते. आजीला हाक मारायला तोंड उघडते, ओठ हलतात, आवाज येत नाही. मग ती वाटीवर चमचा आपटते. आजी "आयलंय गो बाय" म्हणत येते.

मी दिली गेले असते तर हे टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सगळ्यांच्या बाबतीत मला यश येत नाही. पण मला संधी तरी द्यायची होती.

घरी पाठवताना पिशवी परत मिळाली. रत्नप्रभाने ती उपसली आणि पाकीट हातात धरून ओरडली, "राजेश, ह्या बघ! औषध तर पिनयेसकट परत दिल्यानी!"

राजेशने अर्ज करून कागद मिळवले. चौकशी बसली. डोस वॉर्डाच्या साठ्यातून दिले असावेत, असं उत्तर आलं. त्याच वॉर्डाने सोमवारी साठा नसल्याची चिठ्ठी दिली होती. ती राजेशपाशी आहे. सह्यांबद्दल अहवालात एकच ओळ आहे: 'सही ओळखता येत नाही.'

सध्या मी रत्नप्रभाच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली असते. माझी मुदत येत्या मार्चला संपेल. त्याआधी कुणीतरी मला उजेडात ठेवून विचारा, एवढंच मागणं आहे.

आम्ही चौघी आहोत. पाकिटाची पिन जागची हललेली नाही. आणि कागदावर सहा, बारा, सहा अशा वेळांसमोर तीन सह्या आहेत. त्या कुणाच्या, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.