मुंग्यांपासून लपवलेली बाटली

काबूने बाटली उन्हाकडे धरून तिरकी केली. पिवळसर औषध तळाशी एका बाजूला सरकलं. त्याने मापट्यात काळजीपूर्वक रेघेपर्यंत ओतलं आणि नातीपुढे धरलं.

"आ कर."

"आधी फणस खाऊ दे ना, आजोबा."

"खा. पण हातातला संपव, मग दुसरा नाही."

तिरोईने भाजलेल्या नीरफणसाचा तुकडा गालात कोंबला, तो गिळला आणि औषध पिऊन मापटं चाटून स्वच्छ केलं. गोड होतं. ती या औषधासाठी कधी रडली नाही.

मग काबूने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती जुन्या सदऱ्यात गुंडाळली आणि तुळईला टांगलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली. आजवर ती बसण्या-झोपण्याच्या मचाणावर, पाण्याच्या भांड्याशेजारी उघडीच असायची.

"तिकडे वर का?"

"मुंग्या लागतात," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिरोईचे आईवडील दूर राजधानीच्या बेटावर, तारावावर, कामाला होते. गेल्या वर्षी तिचा दमा उठला तेव्हा ओठ निळे पडले होते. खाडी ओलांडून होडी मोठ्या दवाखान्याला लागेपर्यंत काबूने तिला छातीशी उभी धरून ठेवली होती, कारण आडवी केली की तिचा श्वास अडकायचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पंप दिला, आणि या औषधाच्या बाटल्याही; ही त्यातली शेवटची.

"गुरुजी, नीट ऐका," बाई म्हणाल्या होत्या. "दमा उठला की पंप. हे औषध तेव्हा कामाचं नाही. हे आधीपासून, रोज सकाळ-संध्याकाळ द्यायचं, म्हणजे दमा उठायचं कमी होईल. गुण यायला आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, आणि एखाद्या वेळी विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. थोडी झोप येईल तिला. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका."

जन्मभर मुलांना शिकवलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. समुद्र चढायच्या आधी किनाऱ्यावर प्रवाळाचे दगड रचून बांध घालायचा, तसंच हे. लाट आल्यावर दगड आणायला धावून काय उपयोग? आणि बांध उभा राहिला होता. चुलीतल्या नारळाच्या सोडणांचा धूर झाला तरी तिरोई आता नुसती शिंकायची. भिंतीला टेकून बसून झोपणारी पोर हातपाय पसरून आडवी झोपू लागली होती.

पण बाटली उघड्यावर होती, आणि घरात नातलगांची ये-जा होती. चुलतभाऊ तोना सर्दीने बेजार होऊन आला.

"काबू, बुबुती आहे माझी. तुझ्या त्या गोड औषधातलं दे थोडं."

बुबुती म्हटल्यावर संपलंच. आपल्या माणसाने तो शब्द उच्चारला की हातातलं द्यायचं, मग ते जाळं असो, सायकल असो, नाहीतर अंगातला सदरा. काबूने दिलं. तोनाने बाटलीलाच तोंड लावलं आणि म्हणाला, "हे तर आपल्या माडीच्या काकवीसारखं लागतंय! म्हातारा एकटाच चाखत होता वाटतं!" मग तोनाची सून आली. मग तिची बहीण. काबू प्रत्येकीला बांधाची गोष्ट सांगायचा, त्या मान डोलवायच्या आणि वाटी पुढे करायच्या.

आता पंप रिकामा झाला होता. गावातल्या दवाखान्यात ना दुसरा पंप होता, ना दुसरी बाटली, आणि खाडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यातही नाही. जहाज कधी येईल, हे नर्सलाही ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी मुलं नेहमीसारखी झाडाखाली केवड्याच्या चटईवर जमली. शाळेतली नोकरी सुटून वर्षं झाली तरी काबूची ही शाळा सुटली नव्हती. आधी पाढे, मग माशांची नावं, आणि शेवटी रोजचा प्रश्न.

"आपल्या माणसाने मागितलं की?"

"द्यायचं!"

"असून नाही म्हणतो तो?"

"खेकडा! बिळातला खेकडा!" मुलं बोटांच्या नांग्या करून एकमेकांना चिमटे काढू लागली. सगळ्यांत मोठ्याने तिरोई ओरडली. तिला धाप लागली नाही, हे काबूने पाहिलं.

मुलं पांगली आणि राकेन आली. काबूची चुलतबहीण. कडेवर तिचा तान्हा नातू किरकिरत होता. ती मचाणावर टेकली, नेसणाच्या टोकाने वारा घेतला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली,

"दादा, हा पोरगा डोळ्याला डोळा लावू देत नाही. तुझ्याकडे ते झोपेचं औषध आहे म्हणे."

"झोपेचं नाही गं ते. तिरोईच्या दम्याचं आहे."

"पण झोप येते ना त्याने? तोनाची सून सांगत होती, तिचं पोर ते पिऊन दिवसभर गार पडलं होतं."

"राकेन, तान्ह्याला असलं काही द्यायचं नसतं. वाईट होईल."

"मग अर्धंच देते."

"अर्धंही नाही."

"अरे, किती शिकवशील? मी काय तुझ्या चटईवर बसलेय?" ती हसली. मग हसू आवरून नीट बसली. "बुबुती आहे माझी, दादा."

काबूने पाहिलं, सकाळचं मापटं मचाणावरच पडलं होतं. ते त्याने मुठीत मिटून घेतलं.

"संपलं गं," तो म्हणाला. "सकाळीच संपलं."

राकेनने सुस्कारा सोडला. "संपलं तर संपलं. त्याला तू तरी काय करणार?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठायला लागली.

मागे पेटी सरकवल्याचा आवाज झाला. तिरोई पेटीवर चढली होती. टाचा उंचावून तिने डबा काढला, सदऱ्याची घडी सोडली आणि बाटली दोन्ही हातांत धरून, मोठ्या माणसाला काही देताना धरतात तशी, राकेनपुढे आली.

"संपलं नाहीये, आजी. आजोबा विसरले. मुंग्या लागतात म्हणून त्यांनी वर ठेवलंय."

राकेनने बाटलीकडे पाहिलं, मग काबूकडे, आणि नजर खाली वळवली. बाटली तिने घेतली.

"राकेन," काबू म्हणाला. "मला काय म्हणायचं ते म्हण. पण बाळाला देऊ नकोस. गार पडलेलं पोर झोपलेलं असतंच असं नाही. श्वास मंदावतो. तुझ्या पाया पडतो."

राकेनने कडेवरच्या बाळाला जवळ ओढलं. त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

"नाही देत," ती हळूच म्हणाली. "शपथ."

बाटली तिच्या दुसऱ्या हातात तशीच होती. ती आता तिलाही नको होती. पण मागून घेतलेली वस्तू तिथेच ठेवून जायची, तर ते त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. आणि काबूने ती तिच्याकडे परत मागायची, तर खोटं उघडं पडलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने मागायची? मग राकेनने बाटली नेसणाच्या गाठीत बांधली आणि ती अळू लावलेल्या खड्ड्याकडून घरी निघून गेली.

तिरोई आजोबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी बरोबर केलं ना?"

काबूने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चटईवर बरोबर उत्तर दिलेल्या मुलाचा असतो, तसाच तो होता.

"शाब्बास," तो म्हणाला.

ती उड्या मारत विहिरीकडे गेली. मापटं अजून त्याच्या मुठीतच होतं. त्याने ते धुतलं, पुसलं आणि पाण्याच्या भांड्याशेजारी पालथं घातलं.

संध्याकाळी चुली पेटल्या आणि धूर झाडांखालून सरकत मचाणापर्यंत आला. तिरोई एकदा शिंकली. काबूने आढ्याला खोचलेल्या जाड चटया खाली काढल्या, झटकल्या आणि एकावर एक गुंडाळून तिच्या उशाशी रचल्या. पाठ टेकता येईल इतक्या उंच.

"आजोबा, मी आता आडवी झोपते की," तिरोई म्हणाली.

"हो," काबू म्हणाला, आणि त्याने आणखी एक चटई वर ठेवली.