चोविसावे पाकीट

सोमवारी सकाळी साडेदहाला नगरपालिकेचे सभागृह गच्च भरेल, असे कुणी सहा महिन्यांपूर्वी म्हटले असते तर शिपायांनीच त्याला वेड्यात काढले असते. तक्रार दिवस दर सोमवारीच असे. पण येत कोण, तर सात-आठ म्हातारे, आणि तेही सभागृहात पंखे असतात म्हणून. आता दोनशे खुर्च्या पुरत नव्हत्या. माणसे खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती, दारात एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावत होती. मंचावर लिफाफेबाबा बसले होते.

बाबांनी गठ्ठ्यातले वरचे बंद पाकीट उचलले, कपाळाला टेकवले आणि डोळे मिटले.

"खांब आहे..." बाबा पुटपुटले. "खांबावर दिवा नाही. एक जीव अंधारात ठेचकाळतोय..."

"माझीच!" उजव्या कोपऱ्यातला मफलरवाला ताडकन उभा राहिला. "माझीच तक्रार, महाराज! शब्द न् शब्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांनी पाकीट फाडले, आतल्या कागदावरून 'पडताळणीपुरती' नजर फिरवली, समाधानाने मान हलवली, कागदावर फुंकर मारली आणि तो पाकिटासकट शेजारच्या टोपलीत टाकला. शिपाईकाकांनी त्यावर शिक्का उठवला: 'निकाली'. बाबांनी दुसरे पाकीट कपाळाला लावले.

"पाकीट म्हणजे देह, कागद म्हणजे जीव," दोन पाकिटांच्या मध्ये बाबा समजावून सांगत. "देह न फाडता जिवाशी बोलतो तो ज्ञानी. आणि फाडून वाचतो तो कारकून!"

यावर सभागृह खदखदून हसे आणि सगळ्यांच्या नजरा बाजूच्या टेबलाकडे वळत. तिथे आवकबाई बसलेली असे.

एकोणीस वर्षे आवक-जावक विभागात काढल्यावर तिचे खरे नाव पगारपत्रकापुरतेच उरले होते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा, नोंदवहीत देणाऱ्याचे नाव लिहायचे, पोच द्यायची, एवढे तिचे काम. क्रमांक नाही तर कागद नाही, हा तिचा कायदा. एकदा खुद्द मुख्याधिकाऱ्यांचा रजेचा अर्ज क्रमांक नाही म्हणून तिने परत पाठवला होता, आणि साहेबांना रजेच्या दिवशी कामावर यावे लागले होते.

त्याच साहेबांनी बाबांना आणले होते. वरून पत्रांवर पत्रे येत होती: प्रलंबित तक्रारी तीनशे बारा, खुलासा करा. खुलासा करायचा तर गटारे उपसावी लागली असती. बाबांनी सोपा मार्ग दाखवला. तक्रारी बंद पाकिटातच द्यायच्या, पाकिटावर नाव घालायचे नाही, फक्त आवक क्रमांक. बाबा जाणणार, फुंकर मारणार, तक्रार निकाली. चार सोमवारांत प्रलंबित तक्रारी शून्यावर आल्या. साहेबांना शाबासकीचे पत्र आले. पुढच्या सोमवारी बाबांना 'मानद तक्रार निवारक' नेमण्याचा ठराव यायचा होता.

त्या दिवशी पाकिटे तेवीस होती आणि सतरावे पाकीट आवकबाईच्या धाकट्या बहिणीचे होते, तीन महिने तोंडी हेलपाटे घातल्यावर दिलेले. बाबांनी तिची तक्रार सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली.

"टाकीमागची गल्ली... नळाला वास... किराणा दुकानासमोर चौकोनी झाकण आहे, त्याखाली गटार तुंबलं की दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी पिवळं येतं... अकरा घरांत कावीळ... एक लहान मुलगी दवाखान्यात..."

"माझी मुलगी हो, बाबा!" बहिणीला हुंदका आवरेना. सभागृहात निम्म्या लोकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेतले पाणीपुरवठा अभियंते सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. बाबांनी फुंकर मारली. काकांनी शिक्का मारला.

आवकबाईने मात्र दुपारी अभियंत्यांचे टेबल गाठले. "साहेब, आता खोदाई सुरू कराल ना? आज तर सगळ्यांनी ऐकलं."

"कशावर खोदू, बाई?" अभियंते हळहळून म्हणाले. "खोदाईचा आदेश प्रलंबित तक्रारीवर निघतो. तुमच्या बहिणीची तक्रार तर निकाली निघाली."

"पण पाणी घाणच येतंय!"

"म्हणजे आता ती तक्रार नाही राहिली. नुसती वस्तुस्थिती झाली. वस्तुस्थितीवर मला खोदता येत नाही."

ती परत टेबलाशी आली. काकांनी टोपली आणून ठेवली होती. सवयीने तिने कागद मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीसच. आवक तर तेवीसची होती. तिने एकेक पाकीट आणि त्यातला कागद जुळवला. एका पाकिटावर क्रमांक नव्हता. आतला कागद कोरा होता.

"काका, हे कोरं पाकीट कुणाचं?"

"शेवटचं. बाबांनी फाडलं, बघितलं, फुंकर मारली."

"कोऱ्या कागदावर काय बघितलं?"

"ते ज्ञानी आहेत, बाई. मी फक्त शिक्का मारतो."

आवकबाईने आणखी एक गोष्ट केली. खांबावरच्या दिव्याची तक्रार शोधली. टोपलीत नव्हती. नोंदवहीत मफलरवाल्याच्या नावाची नोंदही नव्हती. मागच्या सोमवारी मफलरवाला मोकाट कुत्र्यांसाठी 'माझीच!' म्हणून उठला होता, त्याआधी कचऱ्यासाठी. दर सोमवारी पहिला मान त्याचा. पाच सोमवार, पाच तक्रारी, आणि आवक क्रमांक एकही नाही. क्रमांक नाही तर कागद नाही. मग बाबांनी कपाळाला लावले ते काय होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. भाची भिंतीकडे तोंड करून झोपली होती. हाताचे तळवेसुद्धा पिवळे दिसत होते. बहीण मात्र उजळलेल्या चेहऱ्याने सांगत होती, "ताई, आता बघ, पाणी सुधारेल. बाबांनी फुंकर मारलीये. माझा शब्द न् शब्द सांगितला गं त्यांनी."

"तुझ्या शेजारणीनं लिहून दिलं असेल बाबांना."

"तिला लिहिता येत नाही, आणि मी काय लिहिलं ते कुणाला दाखवलंच नव्हतं. आणि माणूस साधा नाहीये, ताई. तुला आतली गोष्ट सांगू? माझं पाकीट तर त्यांच्या हातातही नव्हतं तेव्हा!"

"म्हणजे?"

"हिच्या लाल औषधाचा डाग पडला होता ना माझ्या पाकिटावर, म्हणून मी ओळखलं. ते त्यांनी आधीच फाडून टोपलीत टाकलं होतं. मग दुसरंच पाकीट कपाळाला लावलं आणि माझी तक्रार सांगितली! टोपलीतल्या कागदाचंसुद्धा त्यांना दिसतं!"

आवकबाईला हसू फुटले, आणि भाचीकडे नजर जाताच ते विझले.

"अगं बाई माझे," ती म्हणाली, "फाडून बघितल्यावर मलाही दिसतं!"

पुढच्या सोमवारी सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. ठरावाची प्रत साहेबांच्या हातात होती. बाबा नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा येणार होते. थोरपण घड्याळावरच तर मोजायचे असते. दहा पस्तीसला आवकबाई मंचावर चढली आणि पाकिटांच्या गठ्ठ्यासमोर बसली.

"अहो बाई, काय चाललंय? खाली या," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"साहेब, मलाही दिसायला लागलंय."

कुणी हसायच्या आत तिने वरचे पाकीट कपाळाला लावले. "पालिकेचा दुसरा मजला... संडासाला आतून कडी नाही. सहा वर्षं झाली. आत बसलेला माणूस मोठ्यानं गाणं म्हणतो, बाहेरच्याला कळावं म्हणून..."

"माझीच!" शिपाईकाका ओरडले. आवाजात इतकी कळकळ होती की हा अभिनय नसावा.

तिने पाकीट फाडले, पडताळणीपुरती नजर टाकली, दुसरे उचलले. "शाळेच्या फाटकासमोर कचऱ्याची पेटी... मुलं नाक धरून प्रार्थना म्हणतात..." एक वयस्क शिक्षक डोळे विस्फारून उठले. "ही तर माझी!" तिसरे पाकीट. घराच्या भिंतीला टेकलेला वाकडा खांब. एक बाई तोंडावर हात ठेवून उठली. चौथे. पाचवे.

हशा केव्हाच थांबला होता. समोरच्या रांगेत दोघांनी हात जोडले. अभियंत्यांनी नकळत पायांतल्या चपला बाजूला सारल्या. मागून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आई, माझ्या सुनेचंही बघा ना जरा!"

"मी कुणाची आई नाही, आजी. आवक-जावकची कारकून आहे," आवकबाई उठून उभी राहिली. "आणि मला ओ की ठो दिसत नाही. नीट बघा सगळ्यांनी. काकांनी अर्ज दिलेलाच नाही. त्यांची तक्रार मला तोंडपाठ आहे. ऑफिसात कुणाला नाही? पहिलं पाकीट कपाळाला लावून मी काकांची तक्रार सांगितली. मग फाडलं, त्यात गुरुजींची निघाली. ती वाचून घेतली. दुसरं पाकीट कपाळाला लावलं आणि गुरुजींची सांगितली. फाडलं, त्यात या बाईंची. कपाळावर नेहमी पुढचं पाकीट, तोंडात मागचं. एक घर पुढे, बस्स."

"आणि शेवटचं?" गुरुजींनी विचारले. शिक्षकाला हिशेब पुरा लागतो.

"त्याच्यासाठी गठ्ठ्याच्या तळाशी स्वतःचं एक कोरं सारायचं." तिने मागच्या सोमवारचे बिनक्रमांकाचे पाकीट वर धरले. "अर्ज तेवीस, पाकिटं चोवीस. आणि पहिल्यासाठी असा एक गडी हवा, ज्यानं अर्ज दिलेलाच नाही पण 'माझीच' म्हणतो."

दोनशे माना उजव्या कोपऱ्याकडे वळल्या. मफलरवाल्याला एकाएकी उकडायला लागले.

नेमक्या त्याच वेळी दारातून बाबा आले. वाट करून देणारे लोक आज वाट देत नव्हते, बघत होते. तरी ते मंचावर पोचले.

"बाबा, एकच विनंती," आवकबाई म्हणाली. "हे वरचं पाकीट. बोलायचं तुम्ही. फाडणार मात्र साहेब, आणि फाडल्यावर मोठ्यानं वाचणारही साहेबच."

"अश्रद्ध हातांनी जीव कोमेजतो," बाबा म्हणाले.

"साहेबांची श्रद्धा ठरावात लिहिलीये."

सुटका नव्हती. बाबांनी पाकीट कपाळाला लावले. एवढ्यात सवयीचा गुलाम असलेला मफलरवाला उठला. "माझीच! माझीच तक्रार!"

"अरे, त्यांनी अजून काही सांगितलंच नाहीये!" काका ओरडले आणि सभागृह हशाने फुटले.

बाबा घामाघूम झाले. मग या शहरात कधीही न चुकणारी गोष्ट त्यांनी सांगितली. "पाणी... पाण्याचं दुःख दिसतंय..."

साहेबांनी पाकीट फाडले. त्यांचा चेहरा कागदासारखाच झाला होता. त्यांनी वाचले, "जन्माच्या दाखल्यावर बाळाच्या नावाच्या जागी आजोबांचं नाव पडलं आहे. त्यामुळे आजोबा सध्या चार महिन्यांचे आहेत. कृपया दुरुस्ती व्हावी."

"यात पाणी कुठंय, बाबा?" मागून कुणीतरी विचारले.

"इथलं वातावरण दूषित आहे," म्हणत बाबा उठले.

"वातावरण नाही," तिसऱ्या रांगेतून आवकबाईची बहीण म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण या वेळी रडण्याने नाही. "पाणी दूषित आहे. ते तुम्ही मागच्या सोमवारी स्वतःच वाचलंत. आणि माझ्या आजारी पोरीच्या कागदावर फुंकर मारून तो टोपलीत टाकलात."

बाबा मागच्या दाराने गेले. त्यांच्यामागे मफलरवालाही पळाला; मफलर खुर्चीवरच राहिला.

आवकबाईने सतरा क्रमांकाचा अर्ज काढला. 'निकाली'च्या शिक्क्यावर आडवी रेघ मारली, आजची तारीख टाकून नवा क्रमांक दिला आणि कागद अभियंत्यांसमोर ठेवला. "साहेब, आता प्रलंबित आहे. खोदा."

"कुठं खोदू? गल्ली दोनशे मीटरची आहे."

"तिसरी ओळ वाचा."

अभियंत्यांनी वाचली. किराणा दुकानासमोरचे चौकोनी झाकण. "हे मी ऐकलं होतं," ते मान खाली घालून म्हणाले.

"ऐकलं होतंत. टाळ्याही वाजवल्या होत्यात."

दुपारी दोनला झाकण उघडले. खाली गटाराच्या पाण्यात पिण्याची नळवाहिनी बुडालेली होती आणि तिला वीतभर लांब तडा गेला होता. ती बदलायला साडेचार तास लागले. तक्रारीला तीन महिने लागले होते. भाची पंधरवड्याने घरी आली; अशक्त होती, पण डोळे पांढरे होते.

यात चमत्कार एकच झाला होता. मागच्या सोमवारी रोगाचे कारण आणि खोदायची जागा दोनशे माणसांसमोर मोठ्याने वाचली गेली होती. बाबांना ते कसे कळले, या आश्चर्यात सगळे बुडून गेले. काय कळले, हे एकानेही ऐकले नाही. भोंदू माणसाची कमाई हीच असते. तो आपले डोळे बांधत नाही, नको तिकडे वळवतो. म्हणून कुणी बंद पाकीट कपाळाला लावले, तर हात जोडण्याआधी ते मागून घ्यावे, उघडावे, वाचावे, आणि लिहिलेल्या जागी कुदळ मारावी. एवढ्यासाठी ज्ञानी व्हावे लागत नाही. कारकून झाले तरी पुरते.

प्रलंबित तक्रारी पुन्हा तीनशेच्या वर गेल्या आणि साहेबांना पुन्हा पत्रे येऊ लागली. आवकच्या खिडकीवर पाटी लागली: 'तक्रार उघडी द्यावी.' सोमवारी रांग असते. परवा त्या रांगेतली, सुनेचं बघायला सांगणारी ती म्हातारी खिडकीत वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, कुणाला सांगत नाही मी. पण खरं सांगा, थोडं तरी दिसतं ना तुम्हाला?"

"दिसतं की, आजी," आवकबाईने हात पुढे केला. "आणा तो कागद इकडे."