सगुणाबाईंच्या हातची भाकर

"यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि तुमच्या जागी असतो तर माझाही बसला नसता."

सौरभने मोबाइल खिशात घातला. अश्विनीने खुर्ची पुढे ओढली. ही दोघं नवराबायको पुण्याची, कुठल्याशा कंपनीत कामाला, आमच्या चर्चच्या मराठी उपासनेला अलीकडेच येऊ लागलेली. सगुणाबाई पारख्यांना त्यांनी जेमतेम पाहिलं होतं आणि आज त्यांच्याच स्मरणप्रार्थनेला काचीगुड्याच्या त्यांच्या या दोन खोल्यांत ती बसली होती. प्रार्थना आटोपली होती. पाळकसाहेब निघून गेले होते. आतल्या खोलीत सगुणाबाईंची सून भाग्यलक्ष्मी चहा करत होती. इतका मोकळा वेळ आणि इतके कोरे कान मला पुन्हा कधी मिळणार?

"एकनाथकाका, मंडळीत सगळे म्हणतात, तुमच्या गोष्टीतलं निम्मं कापून ऐकायचं," अश्विनी म्हणाली.

"काप. उरलेलंही तुला जड जाईल."

सगुणाबाई जामबागच्या शाळेत बालवर्गाला शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मुलगा सुरेश त्यांनी एकटीने वाढवला. हे सगळं कोणाच्याही बाबतीत सांगता येतं. त्यांचं वेगळेपण एकच, आणि ते महिन्यातून एकदा दिसायचं. प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळ्यांनी खायची भाकर त्यांच्या हातची असायची. शनिवारी दुपारी कणीक मळायची, खमीर नाही, मिठाचा कण नाही, लाटायची, मंद तव्यावर शेकायची आणि सुरीने तिचे नखाएवढे चौकोन पाडायचे.

"भाकर अशी पातळ," मी सांगितलं, "की तिच्याआडून वर्तमानपत्र वाचावं. मी वाचलंय. तेलुगू वर्तमानपत्र वाचलंय."

"तुम्हाला तेलुगू वाचता येतं?" सौरभने विचारलं.

"नाही ना! तीच तर त्या भाकरीची कमाल."

अश्विनी हसली. पण पुढचं सांगताना माझा आवाज आपोआप उतरला. कारण आमच्या सगळ्या मंडळीला भाकर पुरवणारी ही बाई स्वतः ती खात नसे. आमच्याकडे ताट बाकाबाकावरून फिरतं. मी मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी पंचांतला एक, ताट फिरवायचं काम माझं. सगुणाबाई शेवटच्या बाकावर, कडेला. ताट त्यांच्यापुढे आलं की त्या मान खाली घालत आणि बोटाच्या टोकाने ते पुढे सरकवत. सुरेश गेल्यापासून हे चाललं होतं.

सुरेशला ताप आला होता. सगुणाबाई म्हणत होत्या, मोठ्या दवाखान्यात ने. भाग्यलक्ष्मीने त्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं, कारण तो जवळ होता, ओळखीचा होता आणि ताप तेव्हा साधाच वाटत होता. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. कोणाचं चुकलं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. सगुणाबाईंना मात्र सांगता येत होतं. कबरस्तानात, मूठमाती द्यायच्या वेळी, सगळ्यांदेखत त्या सुनेला म्हणाल्या, "तू घालवलास माझा पोरगा." त्यानंतर त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

भाग्यलक्ष्मी वरंगळची. लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली, मराठी अर्धीमुर्धी कळणारी. सुरेश गेल्यावर तिने कुकटपल्लीला खोली घेतली, तिथेच एका ऑफिसात नोकरी धरली. घराजवळ तेलुगू मंडळ्या हव्या तेवढ्या होत्या. पण महिन्याच्या त्या एका रविवारी ती बस बदलत आमच्याकडे यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या आठवणीसाठी येते. मला वाटायचं, सासूच्या हातचं खायला येते. तेवढं एकच तर मिळायचं तिला.

"आणि सासूबाई भाकर का घेत नव्हत्या?" अश्विनीने विचारलं.

"कारण त्या खऱ्या होत्या. पोरी, ती फार अवघड जात असते."

प्रभुभोजनाआधी पाळक सांगतात, मनात कोणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडा. आम्ही सगळे माना डोलावतो, शेजाऱ्याविषयीची अढी तशीच मनात ठेवतो आणि भाकर घेतो. सगुणाबाईंना ते जमत नव्हतं. अढी सुटत नाही, तर भाकर नाही. त्यांचा हिशेब सरळ होता, आणि त्या सरळपणाचा त्यांना थोडा अभिमानही होता.

मग तो शनिवार आला. मी इथेच, या ओट्याजवळ बसून प्रभुभोजनाच्या रसासाठी मनुका निवडत होतो. निवडत होतो म्हणजे खात होतो. तेवढ्यात पाळकसाहेब आले. ओमकार साळवे. तरुण माणूस, लहानपणी सगुणाबाईंच्याच रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकलेला.

"बाई, उद्या भाग्यलक्ष्मीचा इथला शेवटचा रविवार आहे," तो म्हणाला. "तिची विशाखापट्टणमला बदली झालीय."

लाटणं फिरत राहिलं. "मग? जाईना का."

"उद्या तरी भाकर घ्या. तिच्याबरोबर."

"ओमकार, प्रार्थनेत तू माझ्या मांडीवर घोरायचास. मला नको शिकवूस. आधी मन साफ, मग भाकर, असं तूच सांगतोस ना पुढे उभा राहून? मी ऐकते, एवढंच. बाकीचे ऐकत नाहीत आणि खातात." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनुका खाणं थांबवलं.

"मग मन साफ केव्हा होणार?"

"होईल तेव्हा होईल. देवाशी खोटं नाही वागायची मी."

तो तिथेच जमिनीवर बसला. कापून ठेवलेल्या तुकड्यांकडे बघत म्हणाला, "यातला भाग्यलक्ष्मीचा कोणता?"

"तुकड्यांवर नावं असतात का?"

"नसतात. म्हणजे सुरेश गेल्यापासून दर महिन्याला तुम्ही तिला जेवू घालताय. आणि स्वतः उपाशी उठताय."

लाटणं थांबलं.

"बाई, आधी मोठं व्हायचं आणि मग जेवायचं, असं कोणतं पोर करतं हो? जेवतं म्हणून ते वाढतं. देवाने आपल्याला ताटावर बसवलं तेव्हा आपले हात कुठे धुतलेले होते? त्याला आपण आवडतो, म्हणून बसवलं. तुम्हीच शिकवलंत हे मला, मांडीवर घेऊन. मी काही सगळाच वेळ घोरत नव्हतो."

"ऊठ," सगुणाबाई म्हणाल्या. "ऊठ आणि घरी जा. मला कामं आहेत."

तो गेला. त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली आणि ती मधोमध फाटली. गोळा करून पुन्हा मळली, पुन्हा फाटली. सगुणाबाईंच्या हाताखाली भाकर फाटलेली मी कधी पाहिली नव्हती.

"रडल्या?" अश्विनीने हळूच विचारलं.

"त्या? छे. पाणी जास्त झालं म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी उपासना सुरू होते न होते तोच दारात बस थांबली. लग्न आटोपून जालन्याला परत निघालेलं वऱ्हाड, आमच्याच नात्यागोत्यातलं. उपासना चुकवायची नाही म्हणून सगळे थेट आत आले. पाहुण्यांना पुढची जागा द्यायची आमची रीत आहे, त्यामुळे पहिले बाक रिकामे झाले. भाग्यलक्ष्मीही उठली, मागे मागे येत गेली, आणि जागा उरली होती ती फक्त सगुणाबाईंच्या शेजारी. ती उभीच राहिली. सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, बस्स. भाग्यलक्ष्मी बसली. दोघींच्या मध्ये आणखी एक माणूस मावलं असतं.

मी ताट घेऊन निघालो आणि तिसऱ्याच बाकाला तुकडे मोजू लागलो. भाकर होती नेहमीच्या माणसांपुरती. आणि ही तर सगळी जालन्याची माणसं! मी ताट कोणापुढे फार वेळ धरेना. मनात म्हणत होतो, प्रभू, निदान भाग्यलक्ष्मीपुरती तरी राहू दे, उद्या ती चालली. सगुणाबाईंची चिंता नव्हती. त्या काही घेणार नव्हत्या.

शेवटचा बाक आला. मी ताट सगुणाबाईंपुढे धरलं आणि सवयीने पुढे सरकवणार, एवढ्यात त्यांचा हात वर आला. कणीक मळून मळून रुंद झालेला तो हात. तो ताटावर थांबला. माझ्या मागे गाणं चाललं होतं, पण मला ते ऐकू येईना. आणि सगुणाबाईंनी तुकडा उचलला.

आता सौरभनेही खुर्ची पुढे ओढली.

"आणि आता तो चमत्कार," मी म्हणालो. "मी ताटात पाहतो, तर तुकड्यांचा ढीग! भाग्यलक्ष्मीने घेतला, मी घेतला, ढीग तसाच. उरलेली भाकर वऱ्हाडाबरोबर बांधून दिली. लोकांनी ती बसमध्ये खाल्ली. नांदेडला हॉटेलपाशी बस थांबवली, तर एक माणूस भुकेला निघेल? एकही उतरला नाही."

"नांदेडपर्यंत पुरली?" सौरभने विचारलं. बिचाऱ्याला बहुधा पटतही चाललं होतं.

"जालन्यापर्यंत! माझ्या या हातांनी..."

"झूट, काका."

भाग्यलक्ष्मी दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे होता. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"साफ झूट," ती म्हणाली. "एकच तुकडा होता ताटात. तो अत्तम्मांनी, सासूबाईंनी घेतला. तुम्ही घाबरून मान फिरवली आणि ताट घेऊन निघून गेलात. तुम्ही काही बघितलंच नाही."

तिने ट्रे खाली ठेवला.

"मला वाटलं, इतकी वर्षं नक्को बोलत होत्या, आणि आजच घ्यायचं होतं यांना. मी खाली बघून बसले. मग त्यांनी माझा हात ओढला. असा, रागानंच. आणि तुकडा मोडला. तो सारखा नाही मोडला, काका. एक मोठा झाला, एक बारीक. मोठा मला दिला."